इंजिन नसलेल्यांचं आकाश

3 जुलै 2012 रोजी अमेरिकेचा डस्टिन मार्टिन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉनी ड्युरँड हे दोघे टेक्सासच्या दक्षिण टोकाकडच्या झपाटा या लहानशा गावातून हँग ग्लायडर घेऊन निघाले. जवळजवळ अकरा तास ते हवेत होते आणि बहुतेक वाट त्यांनी एकमेकांच्या सोबतीनेच कापली. संध्याकाळी लबक शहराच्या परिसरात ते उतरले तेव्हा मार्टिनच्या नावावर 764 किलोमीटर होते आणि ड्युरँडच्या नावावर 761. इंजिन नाही, पंख हलवायची सोय नाही, चाकं नाहीत. ॲल्युमिनियमच्या आणि कार्बन फायबरच्या नळ्यांवर ताणलेलं कापड, त्याखाली झोळीत पालथा झोपलेला माणूस आणि उन्हाने तापलेली हवा, एवढ्यावर हे अंतर झालं. हा विक्रम पुढे दहा वर्षांहून अधिक काळ टिकला.

आधीचा मोठा विक्रमही याच गावातून झाला होता. ऑस्ट्रियाचा मानफ्रेड रुमर 2001 च्या जुलैत इथूनच निघून 700 किलोमीटरवर पोचला होता. जगात इतके डोंगर, इतकी वाळवंटं असताना सगळे झपाटालाच का जातात, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचं हवामानाचं उत्तर सगळ्या पायलटांना पाठ असतं. मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा येतो, रात्री खालचे ढग साचतात, सकाळी ते फुटून त्यांचे कापसासारखे पुंजके होतात, म्हणजे वर चढणारी हवा इतर ठिकाणांपेक्षा दोन-तीन तास आधीच सुरू होते. वारा आग्नेयेकडून जोराचा असतो आणि दिवसभर पाठीशी राहतो. जमीन सपाट, उतरायला मोकळी.

या उत्तराचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. झपाटाच्या उत्तरेला शेकडो किलोमीटर मोठं विमानतळ वाटेत आडवं येत नाही. छोटा अडथळा मात्र आहे: नकाशावर झपाटा ते लबक रेघ ओढली तर ती पहिल्या 75-80 किलोमीटरवर लारेडो शहराला भिडते. तिथल्या विमानतळाला कंट्रोल टॉवर आहे आणि त्याच्याभोवतीच्या हवाई क्षेत्रात विनापरवानगी शिरता येत नाही. पश्चिमेला मेक्सिकोची हद्द, म्हणून वळसा घ्यायचा तर पूर्वेने, नाहीतर त्या क्षेत्राच्या छतावरून जायचं. सकाळच्या वेळी ढग खाली असतात, त्यामुळे वरून जाणं सहसा जमत नाही. पुढे उजव्या हाताला दूरवर सॅन अँटोनिओचं मोठं विमानतळ राहतं, डाव्या हाताला डेल रिओजवळचा लाफलिन हा हवाईदलाचा प्रशिक्षण तळ. या दोहोंमधून एक रुंद पट्टा उत्तरेला मोकळा जातो. त्या पट्ट्याशिवाय 764 हा आकडा झालाच नसता, असं माझं स्पष्ट मत आहे. ढग आणि वारा याहून चांगले असलेले दिवस युरोपातही येतात. तिथे तो पट्टा नाही.

लांब पल्ल्याच्या हँग ग्लायडिंगचा आढावा घ्यायचा तर आता मोकळ्या आकाशाचा हाच प्रश्न मध्यभागी ठेवावा लागतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वी अंतर वाढायचं ते ग्लायडर सुधारल्यामुळे. अमेरिकेच्या लॅरी ट्यूडरने 1983 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स व्हॅलीतून 356 किलोमीटर केले आणि 1990 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हॉब्जहून 488. त्या काळात दर दोन-तीन वर्षांनी नवा पंख यायचा आणि आधीचा जुना वाटायला लागायचा. आजचा चांगला पंख एक मीटर खाली येताना पंधराएक मीटर पुढे जातो, वजन 35 किलोच्या आसपास असतं, आणि खांद्यावर टाकून डोंगरावर नेता येतो. या रचनेतून आता फार मोठी झेप निघेल असं दिसत नाही. पंख पुरेसा चांगला झाला आहे. कमी पडतंय ते आकाश.

यात नेमकी अडचण कुठे आहे ते समजण्यासाठी हँग ग्लायडर प्रवास कसा करतो ते पाहावं लागेल. तापलेल्या जमिनीवरून हवेचा स्तंभ वर उठतो, त्याला पायलट थर्मल म्हणतात. त्यात गोल गोल फिरत वर चढायचं, ढगाच्या तळाशी आलं की सरळ पुढच्या थर्मलच्या दिशेने निघायचं, वाटेत उंची गमवायची, पुन्हा फिरायचं. घार दिसली तर तिच्याकडे वळायचं, कारण तिला थर्मल आपल्याआधी सापडलेलं असतं. व्हेरिओ हे यंत्र चढताना पिपाणीसारखं वाजत राहतं. या सगळ्यात पायलटला तीन गोष्टी आधी सांगता येत नाहीत: तो किती वाजता कुठे असेल, किती उंचीवर असेल आणि नेमक्या कोणत्या वाटेने जाईल. विमानतळांभोवतीची आजची सगळी व्यवस्था मात्र याच तीन गोष्टींच्या हमीवर उभी आहे. टॉवरमधला कंट्रोलर विचारतो, उंची कायम ठेवाल का? इंजिनवाला हो म्हणतो. हँग ग्लायडरचा पायलट प्रामाणिक असेल तर त्याला नाही म्हणावं लागतं. एका जागी उंची कायम ठेवणं त्याच्या हातात नाही, आणि थांबणं म्हणजे खाली येणं.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1990 मध्ये आकाशाची वर्गवारी ए ते जी अशा सात अक्षरांत ठरवली. अमेरिकेने ती सप्टेंबर 1993 मध्ये स्वीकारली. ए वर्गात फक्त उपकरणांच्या भरवशावर, कंट्रोलरच्या आज्ञेत उडणारी विमानं. बी, सी आणि डी या वर्गांत विमानतळांची आवारं. जी म्हणजे मोकळं. मोठ्या विमानतळाभोवतीचं क्षेत्र खाली अरुंद आणि वर जाऊ तसं रुंद होत जातं. उतरंड उलटी करून ठेवावी तसा त्याचा आकार असतो. कारण साधं आहे: विमानं दुरून उंचावरून येतात आणि धावपट्टीजवळ येईपर्यंत खाली उतरत जातात. त्यामुळे विमानतळापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब असलेल्या टेकडीवरूनही वर पाहिलं तर डोक्यावर एक अदृश्य छत असतं. जमिनीपासून छतापर्यंत मोकळीक आहे, वर नाही.

हे छत उडण्याचं काय करतं ते जरा जवळून पाहू. समजा जमीन समुद्रसपाटीपासून 1000 फुटांवर आहे, ढगांचा तळ 6000 वर आहे आणि छत 3500 वर. हवा पायलटला 5000 फुटांचा पट्टा देते, कायदा त्यातले 2500 देतो. एका थर्मलपासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर काही कायद्याने निम्मं होत नाही. म्हणजे प्रत्येक झेपेत पुढचं थर्मल सापडण्याआधी जमीन गाठली जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. त्यात छताजवळ आल्यावर हवा सेकंदाला चार-पाच मीटर वर खेचत असते. पायलट अर्धा मिनिट गाफील राहिला तर चारशे-पाचशे फूट वर गेलेला असतो. म्हणून छताखाली उडताना चांगलं थर्मल अर्ध्यावर सोडावं लागतं, तेही नाक खाली घालून, वेग वाढवून, आणि हे छत पाच किलोमीटरवर संपतंय की पंधरावर ते नकाशातून आधीच डोक्यात पक्कं असावं लागतं. ज्याने दिवसभर उंचीसाठी धडपड केली त्याला हातातली उंची सोडून द्यायला शिकणं फार जड जातं. लांब पल्ल्याच्या पायलटांत जे खरोखर मुरलेले असतात ते इथे ओळखू येतात.

छत कुठे आहे हे कळणंही वाटतं तितकं सोपं नाही. इंग्लंडमध्ये काही हवाई मार्गांचा तळ फ्लाइट लेव्हलमध्ये लिहिलेला असतो. फ्लाइट लेव्हल 65 म्हणजे 6500 फूट, पण ते हवेचा दाब 1013.25 हेक्टोपास्कल आहे असं धरून. त्या दिवशी खरा दाब 1031 असेल तर तेच छत समुद्रसपाटीपासून सुमारे 7000 फुटांवर जातं. 995 असेल तर सुमारे 6000 वर येतं. नकाशा तोच, आकडा तोच, आणि छत हजार फुटांनी वर-खाली. शिवाय जीपीएस दाखवतं ती उंची भूमितीची असते, विमानांचे उंचीमापक दाखवतात ती दाबाची. उन्हाळी दिवशी तापलेली हवा फुगलेली असते. हवा सरासरीपेक्षा पंधरा अंशांनी गरम असेल तर अडीच हजार मीटरवर या दोन आकड्यांत सव्वाशे ते दीडशे मीटरचा फरक पडतो. आणि लांब पल्ल्याचं उड्डाण होतं ते नेमकं अशाच दिवशी. आता बहुतेक स्पर्धांत उड्डाणाची नोंद करणारं यंत्र सक्तीचं असतं. ते दर काही सेकंदांनी जागा आणि उंची टिपतं आणि ती नोंद परीक्षकांकडे जाते. छताच्या वर गेलेल्या पायलटचे गुण कापले जातात, बऱ्याचदा पूर्ण शून्यावर येतात. हे मला योग्य वाटतं. हवाई क्षेत्र तोडून मिळवलेलं अंतर विक्रमात धरायला लागलो तर उद्या उरलेलं आकाशही जाईल.

अमेरिकेत या सगळ्याचा आधार म्हणजे 1982 पासून लागू असलेला नियमांचा भाग 103. जगातल्या सर्वांत सुटसुटीत हवाई नियमांपैकी तो एक आहे. ज्या विनाइंजिन उपकरणाचं वजन 155 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 70 किलोपेक्षा कमी आहे, त्याला ना नोंदणी लागते, ना पायलटचा सरकारी परवाना. बदल्यात अटी मोजक्या पण कडक: फक्त दिवसा उडायचं, दाट वस्तीवरून जायचं नाही, ढगांपासून ठरलेलं अंतर ठेवायचं, आणि ए, बी, सी, डी वर्गांत कंट्रोलरची आधी परवानगी घेतल्याशिवाय शिरायचं नाही. सरकारने इथे माणसावर विश्वास ठेवला आणि मर्यादा जागेवर घातली. या तत्त्वामुळेच तिथे हा खेळ वाढला, असं मला वाटतं.

ओवेन्स व्हॅलीत या मोकळ्या तत्त्वाची कसोटी लागते. पश्चिमेला सिएरा नेवाडा, पूर्वेला इन्यो आणि व्हाइट माउंटन्सच्या रांगा, मधे लांब कोरडी दरी. 4344 मीटर उंचीच्या व्हाइट माउंटन शिखरावरून तरंगत लोक नेवाडा राज्यात गेले आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी तिथली हवा माणसाला 18,000 फुटांपर्यंत नेते, आणि तिथे ए वर्ग सुरू होतो. हवा अजून वर न्यायला तयार असते, पायलटने मात्र थांबायचं असतं. त्यात हा सगळा प्रदेश आर-2508 या प्रचंड लष्करी हवाई संकुलात येतो. एडवर्ड्स हवाईदल तळ आणि चायना लेक हे नौदलाचं शस्त्रचाचणी केंद्र त्यातच. काही तुकडे पूर्ण बंद. उरलेल्या भागात नागरी पायलट विनापरवानगी उडू शकतो, पण लढाऊ विमानं डोंगरकड्यांच्या आतून, कधी ग्लायडरच्या खालूनही जातात. डोंगराच्या कडेला फिरणारा हँग ग्लायडर त्या वेगात दिसायला फार उशीर होतो. तिथे पायलट मान सतत फिरवत राहतो, कारण दुसरा उपाय नाही.

याहून अवघड असतात ती तात्पुरती बंद होणारी क्षेत्रं. वणवा लागला की त्यावर पाणी आणि रसायन टाकणाऱ्या विमानांसाठी भोवतालचं आकाश बंद होतं, आणि पश्चिम अमेरिकेत वणव्यांचा हंगाम तोच लांब उड्डाणांचाही हंगाम. राष्ट्राध्यक्ष कुठे गेले की तीस सागरी मैल त्रिज्येचं वर्तुळ बंद. मेरिलंडमधली हाय रॉक ही हँग ग्लायडिंगची जुनी टेकडी राष्ट्राध्यक्षांच्या कॅम्प डेव्हिड या विश्रामस्थानापासून अवघ्या काही मैलांवर आहे. कॅम्प डेव्हिडभोवती कायमचं तीन सागरी मैल त्रिज्येचं निषिद्ध क्षेत्र आहेच. राष्ट्राध्यक्ष तिथे मुक्कामाला असले की ते वाढतं आणि टेकडी त्यात जाते. सकाळी घरून निघताना सूचना पाहिल्या आणि दुपारी उड्डाणाआधी पुन्हा पाहिल्या नाहीत तर पायलट अजाणता गुन्हेगार ठरतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणात तर आणखी एक पेच. अकरा तासांच्या प्रवासात पाचव्या तासाला लागू झालेली बंदी हवेत असलेल्या माणसाला कशी कळणार? मोबाइलच्या ॲपवर नकाशे ताजे होत राहतात, पण वाळवंटाच्या मधोमध नेटवर्क नसतं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. 28 ऑगस्ट 2006 रोजी नेवाडातल्या मिंडेनजवळ सुमारे 16,000 फुटांवर एक हॉकर 800 खासगी जेट आणि एक ग्लायडर एकमेकांवर आदळले. ग्लायडर हे हँग ग्लायडरपेक्षा मोठं, कॉकपिट असलेलं, पण तेही इंजिनशिवायच तरंगणारं. त्याच्यावर ट्रान्सपाँडर हे ओळख पाठवणारं यंत्र होतं, पण चालू नव्हतं. ग्लायडरचा पायलट पॅराशूटने उतरला, जेट चाकं न उघडता धावपट्टीवर घसरत थांबलं, सगळे वाचले. हँग ग्लायडर रडारवर जवळपास दिसतच नाही. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला समोरच्या काचेत ठिपका दिसला तोवर काही सेकंदच उरलेले असतात. शंभर-दोनशे माणसं घेऊन उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत तरंगण्याचा हक्क कुणालाच नाही, आणि तो मागूही नये.

म्हणून माझा प्रश्न बंदी असावी की नसावी हा नाहीच. बंदी किती जागेवर, किती उंचीवर आणि किती वेळ, एवढाच आहे. इंग्लंडमध्ये यावर कोर्टापर्यंत भांडण गेलं. फार्नबरो हे मुख्यतः खासगी जेट विमानांचं विमानतळ. त्याच्याभोवती नवं डी वर्गाचं क्षेत्र आखायला तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने 2018 मध्ये मंजुरी दिली. शेजारच्या लॅशम ग्लायडिंग सोसायटीने न्यायालयात आव्हान दिलं. 2019 मध्ये ते फेटाळलं गेलं आणि 2020 च्या फेब्रुवारीत क्षेत्र लागू झालं. दक्षिण इंग्लंडचा नकाशा काढून पाहिला तर हीथ्रो, गॅटविक आणि त्यांच्या भोवतालच्या क्षेत्रांनी आकाशाच्या चिंध्या केल्या आहेत. फार्नबरोने उरलेल्या फटींपैकी एक अरुंद केली. इंजिनविना उडणारे सगळे मग त्याच फटीत, त्याच उंचीवर गोळा होतात. त्यामुळे त्यांची आपसातली टक्कर होण्याची भीती वाढते. एका बाजूची सुरक्षा दुसऱ्या बाजूला ढकलली जाते, आणि तिची मोजदाद कुठल्याच प्रस्तावात नीट होत नाही. क्षेत्र एकदा आखलं की वाहतूक कमी झाली तरी ते सहसा मागे घेतलं जात नाही.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला म्हणूनच जवळचं वाटतं. देश चिमुकला, डोंगराळ, विमानतळं दाट आणि हवाईदल त्याच दऱ्यांतून उडणारं. तरी फीशसारख्या गावांतून आल्प्समधली उत्तम लांब उड्डाणं होतात. तिथे दररोज दुसऱ्या दिवसाचं हवाई पत्रक निघतं. कोणत्या क्षेत्रात लष्कराचा सराव, किती ते किती वाजता, किती उंचीपर्यंत, हे त्यात नकाशासकट असतं. मायरिंगेनसारख्या लष्करी धावपट्टीभोवतीचं क्षेत्र सराव नसताना मोकळं राहतं. त्यांचं हवाईदल फार काळ कार्यालयीन वेळेतच उडायचं; 17 फेब्रुवारी 2014 च्या पहाटे अपहरण झालेलं इथिओपियाचं विमान जिनिव्हाला आलं तेव्हा त्याच्या सोबतीला इटलीची आणि फ्रान्सची लढाऊ विमानं होती, स्विस नव्हती. त्यानंतर त्यांनी चोवीस तासांची सज्जता टप्प्याटप्प्याने उभी केली. वेळापत्रक जाहीर करण्याची शिस्त मात्र सोडली नाही. पायलटला आज इथे तीनपर्यंत जाता येत नाही हे आदल्या रात्री कळलं तर तो वाट बदलतो. त्याला हमी देता येत नसेल, पण दिलेली वेळ पाळता नक्की येते.

भारतात आणखी एक पदर आहे, सुरक्षेचा. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री लेबनॉनमधून मोटर बसवलेल्या हँग ग्लायडरने आलेल्या, पॅलेस्टिनी संघटनेच्या हल्लेखोराने उत्तर इस्रायलमधल्या लष्करी छावणीत सहा सैनिक मारले. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने मोटर लावलेली पॅराग्लायडर वापरली. या घटना आपल्या पोलिसांच्या स्मरणात आहेत. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्य दिनाच्या आधी, मुंबईत तर वर्षात अनेकदा, ड्रोन, पॅराग्लायडर, हँग ग्लायडर, मायक्रोलाइट विमानं आणि फुगे यांच्यावर जमावबंदीच्या कलमाखाली बंदी निघते. शहराच्या वर ती रास्त आहे. पण कागदावर एका ओळीत ड्रोन आणि हँग ग्लायडर एकत्र आले की पुढे सगळीकडे तसेच एकत्र राहतात, आणि डोंगरातल्या पोलीस ठाण्यातही तोच कागद दाखवला जातो.

2020 च्या मे महिन्यात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं की भारताच्या हवाई क्षेत्रापैकी फक्त 60 टक्के नागरी उड्डाणांना मोकळं आहे. तेव्हा चर्चा झाली ती प्रवासी विमानांचा वळसा आणि इंधन वाचवण्याची. तीच चर्चा कामशेतच्या डोंगरावरही व्हायला हवी. मावळातल्या या टेकड्या पॅराग्लायडिंगसाठी देशभरात माहीत आहेत. वाऱ्यावर लांब जाणाऱ्या कुणालाही, मग तो हँग ग्लायडर असो वा पॅराग्लायडर, इथे तेच गणित लागू होतं. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून पश्चिमेचा वारा घाटमाथा चढून येतो आणि पूर्वेला ढकलतो. पूर्वेला तळेगाव, चाकण आणि पुढे लोहगाव, म्हणजे सुखोई विमानांचा हवाईदल तळ आणि तीच धावपट्टी वापरणारं नागरी विमानतळ. त्याच्याही पलीकडे अहिल्यानगरजवळ लष्कराचं के. के. रेंज हे गोळीबाराचं मैदान. हवा ज्या दिशेला नेते तीच दिशा बंद. दख्खनचं पठार एप्रिल-मे महिन्यात जे थर्मल देतं ते पाहिलं तर इथून शंभर-दीडशे किलोमीटर पूर्वेला जाणं अवघड नसावं. ते होत नाही याचं मोठं कारण हवेत नाही. गोव्यात पेडणे तालुक्यात हरमल आणि केरीच्या कड्यांवर समुद्राच्या वाऱ्यात लोक वर्षानुवर्षं तरंगतात. त्याच तालुक्यात 2023 च्या जानेवारीपासून मोपाचं विमानतळ चालू आहे. तिथलं उडणं कड्यालगतचं आणि कमी उंचीचं आहे म्हणून तूर्त वेगळं राहतं, पण आत जमिनीकडे वळण्याचा विचार आता कुणी करू नये.

तंत्रज्ञानाने काही दारं उघडली आहेत. 2004 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेलं फ्लार्म हे छोटं यंत्र जवळच्या ग्लायडरांना एकमेकांची जागा आणि दिशा कळवतं. टक्कर होण्याची शक्यता असेल तर इशारा देतं. युरोपात कमी शक्तीच्या, स्वस्त प्रसारणाची नवी मानकं आली आहेत, ती हँग ग्लायडरच्या झोळीतही बसतील. दिसणाऱ्याला जागा देता येते, न दिसणाऱ्याला नाही, हा कंट्रोलरचा युक्तिवाद बरोबर आहे, आणि पायलटांनी वजनाची आणि खर्चाची कुरकुर सोडून ही यंत्रं स्वीकारली पाहिजेत. उलट बाजूला ड्रोनची वाहतूक वाढते आहे आणि तिच्यासाठी जमिनीलगतचा थर राखून ठेवण्याचे आराखडे होत आहेत. वरून प्रवासी विमानांचं छत आणि खालून ड्रोनची जमीन, अशा दोन्हीकडून दबत जाणाऱ्या पट्ट्यात लांब पल्ल्याचा पायलट उडणार आहे. उतरायच्या वेळी तर त्याला खालच्या थरातून यावंच लागतं, तेही कुठे ते आधी न सांगता.

आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांसोबत केंद्र सरकारने देशाचा डिजिटल नकाशा काढला. हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे, कुणालाही मोफत पाहता येतात, आणि कुठे किती फुटांपर्यंत परवानगी लागत नाही ते कळतं. ड्रोन उडवणाऱ्याला मिळालेली ही सोय वाऱ्यावर उडणाऱ्या माणसाला मिळालेली नाही. पुण्याच्या हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग केंद्र आहे. लोहगावच्या लढाऊ विमानांपासून काही किलोमीटरवर तिथे ग्लायडर दशकानुदशके उडाले, ते टॉवरशी बोलून, वेळा ठरवून. म्हणजे हवाईदल आणि इंजिन नसलेले पंख एका शहराच्या आकाशात राहू शकतात हे पुण्यात आधीच करून झालेलं काम आहे. कामशेतकरांना लागेल ते एवढंच: लोहगावच्या क्षेत्राच्या बाहेरच्या कडेला पूर्वेकडे जाणारा एक पट्टा, त्याची उंची ठरलेली, सराव नसलेल्या दिवसांच्या वेळा आदल्या संध्याकाळी जाहीर, आणि सकाळी उड्डाणाआधी फोन करायला टॉवरमधला एक नंबर.